कंत्राटी सॉफ्टवेअर डेव्हलपर: गावाकडून वारंवार येणारे प्रश्न

पुसद, आर्वी, चिमूर, मेहकर, दर्यापूर अशा ठिकाणांहून इंजिनीअरिंग, बीसीए, एमसीए झालेली मुलं-मुली जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुठलाही प्रश्न सोडवायला घेण्याआधी एक गोष्ट बघा: तुमचं नेमणूकपत्र कोणाच्या लेटरहेडवर आहे? निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

१. कंत्राटी डेव्हलपर म्हणजे नेमकं काय? मी त्या मोठ्या कंपनीचा माणूस होतो की नाही?

होत नाही. काम मोठ्या कंपनीचं, लॉगिन तिचं, रोजची मीटिंग तिच्या मॅनेजरसोबत. पण पगार, पीएफ, रजा आणि राजीनामा हे सगळं दुसऱ्या कंपनीकडे. काम देणारा तो क्लायंट, पगार देणारा तो व्हेंडर. बाजार समितीतल्या अडत्यासारखं समजा: माल तुमचा, खरेदीदार तिसराच, आणि मधल्या माणसाची टक्केवारी ठरलेली. कधीकधी मध्ये दोन-दोन अडते असतात. साखळी जितकी लांब, तितका तुमच्या हातात येणारा आकडा लहान आणि पगाराची तारीख ढिली. म्हणून पहिल्याच फोनवर विचारायचं, ‘क्लायंट आणि तुमच्यामध्ये आणखी कोणी आहे का?’ उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर कोणीतरी आहे असं धरून चाला.

२. गावात ‘कंत्राटी’ म्हटलं की लोक नाकं मुरडतात. सोयरीक पाहायला आलेल्यांना का सांगू?

खरं तेच सांगा. गावाला कंत्राटी म्हणजे सबस्टेशनवरचा ऑपरेटर किंवा मानधनावरचा शिक्षक माहीत आहे, त्यामुळे त्यांची शंका चुकीची नाही. पण त्यांना चहा पिऊन निघायचं असतं, ‘थर्ड पार्टी पेरोल’ कळून घ्यायचं नसतं. पगाराची पावती आणि पीएफचं पासबुक दाखवा. क्लायंटचं नाव सांगून ‘तिथे परमनंट आहे’ असं मात्र कोणी सांगू नका. लग्नानंतर सहा महिन्यांत प्रोजेक्ट संपलं की तीच गोष्ट भांडणाला कारण होते.

३. ऑफरमध्ये सी-टू-एच, थर्ड पार्टी, कन्सल्टंट असं काहीबाही लिहिलेलं असतं. फरक काय?

थर्ड पार्टी पेरोलमध्ये तुम्ही व्हेंडरचे पगारदार कर्मचारी असता. पीएफ कापला जातो, पगाराची पावती मिळते. सी-टू-एच म्हणजे आधी कंत्राट, मग क्लायंटला वाटलं तर कायम नोकरी. ‘वाटलं तर’ हे शब्द विसरायचे नाहीत (प्रश्न १५). कन्सल्टंट म्हणून घेतलं असेल तर तुम्ही कोणाचेच कर्मचारी नाही. बिल द्यायचं, फी घ्यायची. पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा काही नाही (प्रश्न १२). नवख्या माणसाने पहिला मार्ग धरावा. तिसऱ्या मार्गात हातात येणारा आकडा मोठा दिसतो, पण आजारपणाचा आणि रिकाम्या महिन्यांचा खर्च त्यातूनच काढावा लागतो.

४. एवढ्या मोठ्या कंपन्या सरळ नोकरी काहून नाही देत? आणि आमचा बॅज वेगळ्या रंगाचा का?

दीड वर्षाच्या कामासाठी माणूस कायम ठेवायचा नाही आणि कर्मचाऱ्यांचा अधिकृत आकडा वाढू द्यायचा नाही, ही दोन सरळ कारणं. बॅजच्या रंगामागे मात्र कोर्टकचेरी आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या लोकांनी दावा लावला की आम्ही कायम माणसांचंच काम करतो, तर सवलतीतले शेअर आम्हाला का नाहीत? २००० मध्ये कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलर मोजून तडजोड केली. तेव्हापासून मोठ्या कंपन्या ‘हा आपला नव्हे’ हे ठळक दिसेल अशी काळजी घेतात. गुगलमध्ये कंत्राटी माणसाचा बॅज लाल असतो. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये बाहेरच्या माणसांना १८ महिन्यांनंतर सहा महिने खंड घ्यायला लावणारा नियम आणला. तुमच्या टीमच्या सहलीला तुम्हाला बोलावलं नाही, तर मॅनेजर खडूस असेलच असं नाही. बहुतेक वेळा त्याला लीगलवाल्यांनी तसं बजावलेलं असतं.

आपल्याकडे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात ‘मूळ मालक’, म्हणजे ठेकेदारामार्फत काम करून घेणारी कंपनी, ही कल्पना होती. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाने द्यायची, ही तरतूद नव्या कामगार संहितेतही आहे. सॉफ्टवेअरवाल्याला ती आपोआप लागू पडते असं समजू नका. पद आणि पगारावरून वाद होतो. पण व्हेंडरने पगार अडकवला, तर क्लायंटच्या मॅनेजरला लेखी कळवायला लाजायचं कारण नाही.

५. दिवसभर व्हेंडरचे फोन येतात. खरा कोणता, खोटा कोणता?

पैसे मागितले की खोटा. नोंदणी फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ‘आधी ट्रेनिंग घ्या, मग प्लेसमेंट’ ही सगळी एकाच माळेतली. मूळ मार्कशीट जमा करायला सांगणाऱ्यालाही हात जोडा.

खऱ्या व्हेंडरकडून ईमेल येते. त्यात कामाचं वर्णन, क्लायंटचं नाव किंवा निदान क्षेत्र, दर आणि ‘तुमचा बायोडाटा आम्ही पाठवू का’ अशी परवानगी असते. या परवानगीला हलक्यात घेऊ नका. दोन व्हेंडरनी एकाच जागेसाठी तुमचं नाव पाठवलं तर कमिशनवरून वाद नको म्हणून क्लायंट बहुधा दोन्ही अर्ज बाद करतो. वहीत तीन रकाने आखा: तारीख, व्हेंडर, क्लायंट. दुसऱ्याचा फोन आला की वही पाहूनच होकार द्या.

६. इंटरव्ह्यूच्या फेऱ्या किती?

ठरलेला आकडा नाही, पण क्रम साधारण असा असतो: व्हेंडरच्या एचआरचा फोन, व्हेंडरची तांत्रिक चाचणी, मग क्लायंटच्या एक किंवा दोन फेऱ्या. खरा निर्णय क्लायंटच्या फेरीत होतो. कायम भरतीच्या मानाने ही प्रक्रिया लवकर उरकते, कारण जागा आधीच रिकामी पडलेली असते आणि मॅनेजरच्या डोक्यावर काम साचलेलं असतं. तसंच निकाल न कळवता गप्प बसण्याचं प्रमाणही जास्त. आठवड्याने एक ईमेल करा, उत्तर नाही आलं तर पुढचं पाहा.

७. क्लायंटच्या फेरीत विचारतात काय? डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) किती करायचं?

ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप आणि बेसिक एसक्यूएल हे हात न अडखळता यायला हवं. त्यापुढे ग्राफ आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंगवर महिने घालवण्यापेक्षा बायोडाट्यातल्या प्रत्येक ओळीवर पाच मिनिटं बोलता येईल एवढी तयारी करा. कंत्राटी माणूस शिकवायला घेत नाहीत, पहिल्या पंधरवड्यात काम उचलायला घेतात. म्हणून प्रश्न कामातलेच असतात.

एक नमुना देतो. जावाच्या माणसाला विचारतात, ‘मेथडवर ट्रान्झॅक्शनल लावलं आहे, एक्सेप्शन आलं, तरी डेटा रोलबॅक झाला नाही, म्हणजे पूर्वीसारखा झाला नाही. का?’ पाठांतरवाला ट्रान्झॅक्शनची व्याख्या सांगू लागतो. काम केलेला माणूस उलट विचारतो, ‘एक्सेप्शन चेक्ड होतं का?’ कारण स्प्रिंगमध्ये (जावाच्या फ्रेमवर्कमध्ये) चेक्ड एक्सेप्शनवर आपणहून रोलबॅक होत नाही, तसं सांगावं लागतं. मग दुसरी शक्यता: ती मेथड त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडने बोलावली असेल, तर कॉल प्रॉक्सीतून जातच नाही आणि ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही. तिसरी: मध्येच कोणीतरी कॅच करून एक्सेप्शन गिळून टाकलं असेल. तिन्ही आठवलीच पाहिजेत असं नाही. समोरच्याला पाहायचं असतं की तुम्ही शोधायला कुठून सुरुवात करता.

येत नसेल तर ‘हे मी वापरलेलं नाही’ म्हणा आणि जवळचं जे वापरलं ते सांगा. कॅमेऱ्याच्या बाजूला डोळे फिरवत वाचून दाखवणं पलीकडे लगेच कळतं.

८. गावातून ऑनलाइन इंटरव्ह्यू देऊ शकतो का? लाईन कधी जाईल भरोसा नाही.

देता येतो, पण तयारी करून.

पहिली गोष्ट वीज. घर गावात असेल तर गावठाण फिडरवर आहे का ते लाईनमनला विचारा. शेतातल्या घराला कृषी फिडर असेल तर थ्री फेज वीज काही तासच, तीही पाळीपाळीने. तिथून इंटरव्ह्यू देऊ नका. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या. घेण्याआधी राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा, बहुतेकांचे १२ असतात, काहींचे ९. चुकीचा लावला तर राउटर जळू शकतो. लॅपटॉप पूर्ण चार्ज हवाच.

दुसरी गोष्ट नेट. घरची वीज टिकली तरी फायबरवाल्याच्या पेटीतली बॅटरी संपली की नेट जातं. म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन हॉटस्पॉटसाठी शेजारी ठेवा आणि आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच जागी बसून व्हिडिओ कॉल करून पाहा. सकाळी अकराला चालणारा टॉवर संध्याकाळी सातला चालेलच असं नाही.

तिसरी गोष्ट आवाज. पावसाळ्यात टिनाच्या खोलीत बसू नका, सर आली की स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. स्लॅबची खोली नसेल तर तालुक्यातली अभ्यासिका किंवा ओळखीच्या सीएचं ऑफिस तासाभरासाठी मागा. लोक देतात.

लाईन गेलीच तर घाबरून गप्प राहू नका. फोनवरून ‘वीज गेली, दोन मिनिटांत परत येतो’ असा निरोप टाका. रिक्रूटरचा नंबर त्यासाठी आधीच सेव्ह असावा.

समोरासमोर बोलावलं तर नागपुरात बहुधा मिहान किंवा परसोडीचा आयटी पार्क, पुण्यात हिंजवडी नाहीतर खराडी. ऑगस्ट २०२५ पासून अजनी–पुणे वंदे भारत सुरू आहे, ती वर्धा, बडनेरा, अकोल्याला थांबते आणि रात्री पुण्यात पोचवते. दुसऱ्या दिवशीच्या इंटरव्ह्यूला ती बरी पडते. ट्रॅव्हल्सने रातभर जागून थेट इंटरव्ह्यूला जाणं टाळता आलं तर टाळा.

९. इंग्रजी कच्चं आहे. चालेल का?

पुण्या-नागपूरचा मॅनेजर असेल तर चालून जातं, परदेशी टीम असेल तर अडतं. व्याकरणापेक्षा सलग बोलता येणं महत्त्वाचं. आपल्या प्रोजेक्टवर तीन मिनिटं बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि स्वतः ऐका. पहिल्यांदा ऐकवत नाही, पण उपाय तोच आहे.

१०. एक जण म्हणतो, तीन वर्षांचा अनुभव ‘लावून’ देतो आणि इंटरव्ह्यूला दुसरा माणूस बोलेल. सगळेच करतात म्हणे.

सगळे करत नाहीत. दुसऱ्याने तुमच्या नावाने इंटरव्ह्यू देणं म्हणजे तोतयेगिरी. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पकडलं जाणंही अवघड नाही. क्लायंट इंटरव्ह्यूचा स्क्रीनशॉट ठेवतो आणि रुजू होताना चेहरा ताडून पाहतो. खोट्या अनुभवाचं पितळ पीएफच्या नोंदीत उघडं पडतं, कारण यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) कोणत्या कंपनीत कोणत्या महिन्यापासून होतात ते दिसतं. अनुभव नसेल तर इंटर्नशिप, गिटहबवरचं खरं काम किंवा गावच्या कृषी केंद्राला करून दिलेलं बिलिंग सॉफ्टवेअर दाखवा. ते शेवटचं तर पडताळायलाही सोपं असतं.

११. सिलेक्शन झालं, पण बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये अडकलो. नाव आणि पत्ता जुळत नाही म्हणतात.

आपल्याकडचा हा नेहमीचाच घोटाळा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव आहे तर बँकेत नाही. आधार, पॅन आणि बँक ही तिन्ही एकसारखी करून घ्या, तीही नोकरी शोधायच्या आधी. यूएएनवरचं नाव चुकलं असेल तर आधार जोडलेल्या नव्या यूएएनवर ते बहुधा पोर्टलवरच दुरुस्त होतं; नाहीतर कंपनीमार्फत जॉइंट डिक्लरेशन (दुरुस्तीचा संयुक्त अर्ज) भरावं लागतं आणि त्याला वेळ लागतो.

पत्त्याचं वेगळंच. घर क्रमांक नसतो, पडताळणीवाला नागपूरहून फोन करतो आणि ‘मारुतीच्या देवळामागे’ म्हटलं की फॉर्मवर ‘सापडला नाही’ लिहून मोकळा होतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून ठेवा, त्यात मालमत्ता क्रमांक असतो. घर वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर सोबत रहिवासी दाखला जोडा. आणि ज्या दिवशी माणूस येणार असेल त्या दिवशी घरी कोणाला तरी सांगून ठेवा. सगळे वावरात आणि दाराला कुलूप, असं होऊ देऊ नका.

१२. महिना साठ हजार म्हणाले. हातात किती येईल?

साठ हजार हा कंपनीचा एकूण खर्च आहे, तुमचा पगार नाही. समजा मूळ वेतन ३०,००० धरलं. कंपनीचा १२ टक्के पीएफ ३,६०० आणि ग्रॅच्युइटीच्या नावाने मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के म्हणजे १,४४३ आधीच बाजूला काढतात. उरले ५४,९५७. त्यातून तुमचा पीएफ ३,६०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ५१,१५७. काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवर मोजतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी १,८०० च. मग हातात जास्त, खात्यात कमी. विम्याचा हप्ता कापतात का, तेही विचारा. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापला म्हणून फोन करू नका, वर्षाचे २,५०० तसेच पुरे होतात.

ग्रॅच्युइटी पूर्वी पाच वर्षांनंतरच मिळायची, त्यामुळे कंत्राटवाल्याच्या वाट्याला क्वचितच यायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतर ती देण्याची तरतूद आहे. नेमणूकपत्रात मुदतीचा उल्लेख आहे का, ते म्हणूनच पाहायचं.

कन्सल्टंट असाल तर हे गणित लागू नाही. व्यावसायिक फीवर साधारण १० टक्के टीडीएस कापून बाकी रक्कम येते, उरलेला हिशोब रिटर्नमध्ये करायचा. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते आणि बिलावर १८ टक्के लावावा लागतो. तो क्लायंट देणार की तुमच्या दरातूनच जाणार, हे करारात आधी लिहून घ्या.

१३. भाऊ, पोळ्याले सुट्टी भेटते का?

क्लायंटच्या यादीत पोळा नसतोच, तान्हा पोळा तर दूर. व्हेंडरच्या रजेतून घ्या. खरी अडचण डिसेंबरात येते. परदेशी क्लायंट नाताळात आठवडा-दोन आठवडे काम बंद ठेवतो आणि काही व्हेंडर ‘बिलिंग नाही, पगार नाही’ म्हणून तेवढे दिवस कापतात. ऑफर स्वीकारण्याआधी हा एक प्रश्न ईमेलवर विचारा. सोयाबीनच्या सोंगणीसाठी ऑक्टोबरात रजा हवी असेल तर महिनाभर आधी क्लायंट आणि व्हेंडर दोघांनाही कळवा. एकाला सांगितलं म्हणजे दुसऱ्याला कळलं, असं या नोकरीत नसतं.

१४. शुक्रवारी सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. असं करता येतं का? आणि आम्ही सोडलं तर बॉण्ड?

क्लायंट तुम्हाला प्रोजेक्टवरून एका दिवसात काढू शकतो. व्हेंडर तुम्हाला नोकरीवरून एका दिवसात काढू शकतो का, हे तुमच्या नेमणूकपत्रातल्या नोटीसच्या कलमावर ठरतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि व्हेंडर त्या मुद्दाम एक करतो. प्रोजेक्ट गेलं की ‘राजीनामा टाका’ म्हणतात. राजीनामा टाकू नका, ‘मला बेंचवर (प्रोजेक्ट नसताना पगारावर) ठेवा किंवा नोटीसचा पगार द्या’ असं ईमेलवर लिहा. नव्या वेतन संहितेप्रमाणे काढल्यावर किंवा राजीनाम्यानंतर शेवटचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे.

बॉण्डबाबत दोन टोकाचे गैरसमज आहेत. ‘बॉण्डला कायद्यात किंमतच नाही’ हे खरं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दलची २ लाखांची अट वैध ठरवली. पण ‘सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या कंपनीत जायचं नाही’ अशी अट भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. रक्कम वाजवी आहे का आणि कंपनीने ट्रेनिंगवर खरंच खर्च केला का, यावर बरंच अवलंबून असतं. सही करण्याआधी तालुक्यातल्या वकिलाला दाखवा, नोटीस आल्यावर दाखवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

१५. सहा महिन्यांत परमनंट करतो म्हणाले होते, वर्ष झालं.

कोण म्हणालं? व्हेंडर म्हणाला असेल तर ते त्याच्या हातातच नाही. क्लायंटचा मॅनेजर म्हणाला असेल तर त्याच्याकडे मंजूर जागा आहे का ते विचारा. व्हेंडरला तुम्ही गेल्याने कमिशन बुडतं, म्हणून ठरावीक महिन्यांआधी नेल्यास क्लायंटने त्याला रक्कम द्यायची असा करार त्या दोघांत असतो. तो तुम्हाला दाखवत नाहीत. बऱ्याच ठिकाणी परमनंट होताना इंटरव्ह्यूही नव्याने द्यावा लागतो. वर्षभर वाट पाहिलीत, ती पुरे. बाहेर अर्ज टाका. दुसरी ऑफर हातात आली की अडलेली मंजुरी कधीकधी आठवड्यात निघते.

१६. बायोडाट्यात क्लायंटचं नाव लिहू का?

नोकरी व्हेंडरची लिहा, त्याखाली ‘क्लायंट’ म्हणून नाव, करारात गुप्ततेची अट नसेल तर. अट असेल तर ‘एक मोठी विमा कंपनी’ एवढंच. क्लायंटलाच मालक दाखवलं की प्रश्न ११ मधली पडताळणी नापास होते.

१७. मी गरोदर आहे आणि कंत्राट तीन महिन्यांत संपतंय. रजा मिळेल का?

मातृत्व रजेचा हक्क कंत्राटी म्हणून जात नाही. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे आणि ती देण्याची जबाबदारी पेरोलवाल्या कंपनीची. कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी लाभ पुढे चालू राहू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात म्हटलं आहे. फोनवर बोलू नका, ईमेल करा आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. कन्सल्टंट असाल तर मात्र हा आधार मिळणं कठीण.

१८. दोन कंपन्यांचं काम एकदम केलं तर कळतं का?

कळतं. एकाच महिन्यात दोन पीएफ जमा झाले की यूएएनवर दिसतात. २०२२ मध्ये विप्रोने अशाच दुहेरी नोकरीवरून ३०० जणांना काढलं होतं. घरची शेती किंवा दुकान ही नोकरी नव्हे, पण करारात ‘इतर व्यवसाय’ जाहीर करा असं लिहिलं असेल तर एक ओळ लिहून द्या.

१९. मी इन्कम टॅक्स भरायला लागलो तर बाबांचे पीएम-किसानचे पैसे बंद होतील का?

जमीन बाबांच्या नावावर असेल आणि तुम्ही सज्ञान असाल तर नाही. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. सज्ञान मुलाचा कर बाबांना आडवा येत नाही. पण वाटणीत सातबारा तुमच्या नावावर झाला असेल आणि वर्षाचे ६,००० तुमच्याच खात्यात येत असतील, तर आयकर भरल्यावर तुम्ही अपात्र ठरता. तुमची बायको लाभार्थी असेल तरी तेच. नुसतं रिटर्न भरलं आणि कर शून्य निघाला, तर तेवढ्याने अपात्र होत नाही; प्रत्यक्ष कर भरलेला असणं ही अट आहे. अपात्र झाल्यावर आलेले हप्ते परत मागतात, त्यामुळे पहिला कर भरला की सेवा केंद्रात जाऊन किंवा पोर्टलवर लाभ सोडल्याची नोंद करून टाका.